मापाला दोन ए

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार करते आणि लगेच कामाकडे वळते. पत्र कागदावर का, असं तुम्हाला वाटेल. ऑफिसच्या भिंतीवर तुमच्या अक्षरातली सूचना अजून आहे: 'किल्ल्या मेलवर नाहीत, फोनवर नाहीत.' मी लग्न होऊन आले त्याला चौदा महिने झाले. मध्यंतरी भिंतींना रंग दिला, तेव्हाही बाबांनी रंगाऱ्याला त्या कागदाच्या कडेकडेनं ब्रश फिरवायला लावला. आज मला कोड आणि पासवर्डच मागायचेत, तेव्हा तुमचा नियम पाळते.

आपली मेल ज्या कंपनीकडे आहे ती मार्चअखेर ही जुनी सेवा बंद करतेय. केली नसती तरी मी हलवायचंच म्हणणार होते. पेटी सारखी भरते, लोकांनी पाठवलेले पावलांचे स्कॅन परत जातात, मग मी जुनी पत्रं पुसत बसते. एक नवी कंपनी बघून ठेवलीय. मेलही तिथं न्यायची आणि कारखान्याचं डोमेनही, म्हणजे पत्त्यातलं आपलं नावच.

डोमेन तुमच्या नावावर आहे. त्याचं कुलूप तुम्हालाच काढता येतं आणि ट्रान्सफर कोडही तुम्हालाच मिळतो. तो हवाय. शिवाय कोणकोणते मेल-पत्ते चालू आहेत ते कळवा. मला सहा दिसतात: माप, चौकशी, दुरुस्ती, कातडं, बाबांचा एक आणि तुमचा एक. एखादा राहून गेला तर त्यावर येणारं पत्र आल्या वाटेनं परत जाईल, म्हणून विचारते.

बाबा बरे आहेत. इथं दिवसातून दहादा तुमचं नाव निघतं. तुम्ही स्टेपलर डाव्या खणात ठेवायचात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

तुमची,
सूनबाई


९ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. अक्षर छान आहे, फक्त ओळीच्या शेवटी वर चढतं. माझ्या गुडघ्याचं विचारायचं तू विसरलीस, म्हणून आपणहून सांगते: चढताना कुरकुरतो, उतरताना भांडतो, एरवी गुणी आहे.

आता तू नवी, तेव्हा जरा मागचं सांगते. ज्यांचे दोन पाय एका मापाचे नाहीत त्यांच्यासाठी बूट करणारा तुझा सासरा. पण तशा माणसानं प्रवास करून मापाला यायचं म्हणजे मुळातच हाल. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं, पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो कागद मेलनं पाठवा. शिकवायला कोणी नव्हतं. एक जाडजूड पुस्तक आणलं, डोक्याखाली घेतलं असतं तर झोप तरी लागली असती. तीन आठवडे माझी पत्रं मलाच येत होती. मग एके दिवशी एका अनोळखी माणसाचं डावं पाऊल आलं. तुझ्या सासऱ्यानं पडद्यालाच फूटपट्टी लावली. मी म्हटलं, अरे, आधी छापू तरी दे.

'माप' हा पत्ताही माझाच. इंग्रजीत लिहिताना त्यात दोन ए घातले, कारण एका ए चा मॅप होतो आणि आपण काही नकाशे विकत नाही.

तर ही नवी कंपनी. तिथं फोन केला तर माणूस बोलतो का? आत्ताच्या कंपनीतले गृहस्थ मला आवाजावरून ओळखतात. त्यांच्या मुलीचं बाळंतपण मला ठाऊक आहे. तुझ्या कंपनीत कोणाचं बाळंतपण ठाऊक होणार आहे?

तुझी यादी बरोबर आहे. सहाच. कोडचं बघते. एवढी घाई काय आहे, मार्च अजून लांब आहे.

भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, आत्या, तुला वाईट नाही ना वाटलं? मला कशाला वाईट वाटेल? मी काय लहान आहे?

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र तुझ्यापुरतं. सूनबाईला दाखवू नकोस.

गुडघ्याचं ऑपरेशन करून मी लेकीकडे राहायला आले तेव्हा तू म्हणालास, ताई, तुझी खुर्ची तशीच राहील. तीन वर्षं झाली त्याला. आता त्या खुर्चीवर निळी उशी आली म्हणे. येऊ दे. खुर्ची काय मी बरोबर नेणार होते? पण तुझा फोन आला की सूनबाईनं कपाट लावलं, सूनबाईनं साच्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, सूनबाईला पाऊल बघताक्षणी कळतं. मला एवढ्या वर्षांत तू एकदा 'बरं झालं' म्हणालास, तेही नक्की मला उद्देशून होतं की दिवे आले म्हणून होतं, अजून कळलेलं नाही.

तिला सहा पत्ते बरोबर म्हणून कळवलंय. माझ्या झोळीचं नाव काढलं नाही. ज्यांचा पत्ता लिहिताना चुकतो त्यांची पत्रं झोळीत पडतात. मी रोज सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून ती उपसते आणि ज्याचं पत्र त्याला पोचतं करते. तुला कधी पत्ता लागला नाही, मग तिला का लागावा? सगळं येतं ना तिला? मग हेही सापडेल. तू मध्ये काही बोलू नकोस.

रोज वाफारा घेत जा, खोकला फोनवरसुद्धा ऐकू येतो.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

हाताशी आला तो नमुन्याचा कागद घेतलाय, टाचेच्या गोलाईत अक्षर वळलं तर चालवून घे.

तुझी झोळी शोधली. सूनबाईला माळ्यावर चढवलं. तू बोलू नकोस म्हणालीस, म्हणून तिला कारण काही सांगितलं नाही, ताईची झोळी कुठंय बघ एवढंच म्हटलं. दोन फुटके साचे निघाले, कोळिष्टकं निघाली आणि एक खाकी कापडी पिशवी. तीच का? आत पत्रं नव्हती, खिळे होते. पत्रं तू काढून नेली असशील.

आता कामाचं. तिला तो कोड दे. काल एका पोराच्या दोन्ही पावलांचा स्कॅन परत गेला, तिनं फोन करकरून पुन्हा मागवला. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिला कळतं एवढं मला कळतं.

खोकला कमी आहे.

धाकटा


१८ फेब्रुवारी

आत्या,

गुडघ्याचं विचारायचं राहिलं, चूक झाली. कसा आहे?

परवा बाबांनी मला माळ्यावर चढवलं होतं. पिशवी झटकून, धुऊन पार्सलनं पाठवलीय. तुमची नसेल तर परत पाठवा.

एक अडचण लक्षात आली. डोमेन हलवताना मालकाला विचारणा होते, तुमची संमती आहे ना. ती मेल जाणार तुमच्या कारखान्याच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता तर याच डोमेनवरचा. हलवताना मध्येच काही बिनसलं तर संमती मागणारं पत्रच तुम्हाला पोचायचं नाही. म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. म्हणून मालकाच्या रकान्यात आधी तुमचा घरचा, बाहेरचा मेल-पत्ता घाला. मग कुलूप काढा. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हे ताईच्याही लक्षात आलं नसतं.

जुन्या कंपनीच्या खात्याचा पासवर्डही लागेल. आणि पुन्हा एकदा विचारते, रागावू नका: पत्ते सहाच ना?

तुमची,
सूनबाई


२२ फेब्रुवारी

सूनबाई,

पार्सल मिळालं. पिशवी माझी नव्हे, पण ठेवून घेते, बटाट्यांना बरी आहे.

मालकाच्या रकान्यात घरचा पत्ता घातला. हे माझ्या लक्षात आलं नसतं असं तो म्हणाला का? आलं होतं. आठ वर्षांपूर्वीच आलं होतं. बोलले नव्हते, इतकंच.

ट्रान्सफर कोड अर्धा या पाकिटात आहे, अर्धा तुझ्या सासऱ्याच्या नावानं वेगळ्या पाकिटात टाकलाय. खात्याचा पासवर्डही तसाच. दोघं समोरासमोर बसा आणि जोडा. हसू नकोस, या पद्धतीनं एकोणीस वर्षांत कोणी आपल्या घरात शिरलेलं नाही.

एक गोष्ट तुझ्या भल्याची सांगते. बदल करायच्या दोन दिवस आधी तो मुदतीचा आकडा कमी कर. बाहेरची यंत्रं जुना ठिकाणा किती वेळ डोक्यात धरून बसतात ते त्या आकड्यावर असतं. नाहीतर अर्धी पत्रं जुन्या घरी जातील, अर्धी नव्या, आणि तू दोन्ही दारांत धावशील. हे तुझ्या कंपनीवाल्यांनी सांगितलं होतं का? नसेल.

पुन्हा विचारलंस म्हणून पुन्हा सांगते. सहाच.

आत्या


५ मार्च

आत्या,

झालं सगळं. मुदतीचा आकडा दोन दिवस आधी कमी केला होता. तुम्ही म्हणालात तसंच, कंपनीनं सांगितलं नव्हतं. आज सकाळी बदल केला आणि दुपारी नव्या पेटीत पहिलं पत्र आलं. बाबांनी ते छापून भिंतीवर लावलं, पत्र एका जाहिरातीचं होतं तरी.

जुनी पत्रं नव्या जागी उतरवायला दोन दिवस लागले. एकेचाळीस हजार निघाली. पडद्यावर एकेक नाव सरकत होतं आणि मी बघत बसले होते. विषयाच्या जागी लोक काय काय लिहितात. 'आत्यांना दाखवा.' 'पोरगा जिना चढला.' 'आत्या, तुम्ही म्हणालात तसंच झालं.' मला लिहितात तेव्हा विषय असतो 'माप', आणि खाली माप असतं.

खरं सांगू? मला तुमचा राग आला. मी दिवसभर त्या खुर्चीत बसते आणि फोन उचलला की पलीकडून विचारतात, आत्या नाहीत का? निळी उशी मी हौसेनं टाकलेली नाही. खुर्चीत माझं म्हणून काहीतरी असावं म्हणून टाकली. तुमच्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, बस की, उशी मऊ आहे. पुरुषांना यातलं काय कळतं.

हे लिहायला नको होतं, पण लिहून झालं. तुम्ही एकदा सगळं तपासून बघाल का? काही निसटलं असेल तर ते तुम्हालाच ओळखू येईल. वाट बघते.

तुमची,
सूनबाई


२९ मार्च

ताई,

सूनबाईच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. ती रोज टपाल बघत होती. तब्येत बरी आहे ना?

इथं एक वाईट झालं. लवंगी तुला आठवते. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड, तोंड मात्र दोन हात लांब. आता नऊ वर्षांची झाली. दर सहा महिन्यांनी पाऊल वाढतं, दर सहा महिन्यांनी नवा बूट. तिच्या व्यायामाच्या बाईंनी नऊ मार्चला माप पाठवलं. परत आलं, 'असा पत्ता नाही' म्हणून. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. इथं फोन केला तर यंत्रांच्या आवाजात कोणी ऐकला नाही. बाईंनी धरून घेतलं की म्हाताऱ्यानं कारखाना बंद केला. पोरगी इकडे जुन्याच बुटात पाय कोंबत राहिली, आज येईल, उद्या येईल म्हणून. टाच सोलून आतपर्यंत जखम झाली. शाळेची सहल होती, टेकडी चढायची होती. पहिल्यांदाच ती स्वतःच्या पायानं जाणार होती. गेली नाही.

काल बाई स्वतः इथं आल्या. मी मान खाली घालून ऐकलं. मग सूनबाईला विचारलं. ती म्हणते, सहाही पत्ते नीट आहेत, मी तीनदा तपासले. मग पत्र गेलं कुठं? मी तिला म्हटलं, "तुला पत्रं सांभाळता येत नाहीत, माणसांचे पाय काय सांभाळशील?"

तिनं टेबल आवरलं, उशी उचलली, आणि आता आत बसून बुटांचे तळ चिकटवते.

तू ये, ताई. लेकीला सांग, महिन्यातले पंधरा दिवस तरी इथं राहा. तुझ्याशिवाय होत नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या आणि सूनबाई,

हे पत्र दोघांना मिळून आहे. धाकट्या, चष्मा लाव आणि तिला समोर बसवून मोठ्यानं वाच. मधलं गाळू नकोस.

तुझं पत्र आलं आणि मी काय केलं? कपाटावरची बॅग काढली. कपडे भरले, औषधं भरली, लेकीला सांगितलं, माझ्या भावाचं माझ्याशिवाय होत नाही. ते वाक्य मी पुन्हापुन्हा वाचत होते. लवंगीचंही वाचलं होतं, पण डोळे त्यावरून नुसते घरंगळत होते, खालच्या वाक्याकडे जायची घाई झालेली. बॅगेची चेन लावताना मग ते वर आलं. टाच. सहल. मी चेन तशीच सोडली आणि तुझं पत्र पुन्हा वरून वाचायला घेतलं.

झोळी म्हणजे पिशवी नव्हे रे. मी जुन्या कंपनीत एक सोय करून ठेवली होती. आपल्या डोमेनवर कोणी चुकीच्या नावानं पत्र पाठवलं, तर ते परत न जाता थेट माझ्या घरच्या पेटीत पडायचं. पुस्तकात त्याला कॅच-ऑल म्हणतात, मी झोळी म्हणते. सूनबाईनं पत्ते सहाच का म्हणून दोनदा विचारलं. दोनदा मी सहाच म्हटलं. झोळी हा पत्ता नव्हे, अशी मनाची समजूत घातली. पण तिला काय विचारायचं होतं ते मला पुरतं कळलं होतं.

व्यायामाच्या बाई सहा वर्षं मापाला एकच ए लावतात. मी त्यांना कधी सांगितलं नाही. एक ओळ लिहिली असती तर चूक मिटली असती. पण मग त्यांची पत्रं सरळ मापाच्या पेटीत गेली असती, माझ्याकडे कशाला आली असती? लोकांच्या चुका मी जपून ठेवल्या, कारण त्या चुकांवर माझं काम चालू होतं.

पाच मार्चपासून झोळी रिकामी. मी रोज उघडत होते. काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. बरं वाटलं. म्हटलं, बघू आता तुझी हुशारी. सूनबाईचं पत्र आलं, त्या उशीचं, आणि मला आणखीच बरं वाटलं, की चला, हिलाही जळतं. आठवडाभर मी या सुखात होते. त्याच आठवड्यात ते माप परत गेलं.

पत्र सूनबाईनं हरवलं नाही. लवंगीची टाच माझ्यामुळे सोलली. धाकट्या, तू तिला जे बोललास ते मला बोलायचं होतंस, आता बोल.

सूनबाई, नव्या कंपनीकडे तशी सोय आहे का बघ. लोक काय काय चुकतात ते मला पाठ आहे, खाली लिहिते: मापात एक ए, तीन ए, शेवटी दोन पी, पी च्या जागी बी. दुरुस्तीत यू ऐवजी दोन ओ. कातड्याचं विचारू नकोस, ते अकरा तऱ्हांनी लिहितात.

बॅग रिकामी केली. मी येत नाही.

ताई, आत्या, जे म्हणायचं ते म्हणा


७ एप्रिल

आत्या,

बाबांनी मोठ्यानं वाचलं. झोळी म्हणजे पिशवी नव्हे, इथपर्यंत आले आणि थांबले. पुढचं मला वाचायला दिलं. मी वाचलं. नंतर ते आत गेले, माझी उशी शोधून आणली, खुर्चीवर ठेवली आणि दोनदा थोपटली.

आता माझं ऐका. मला माहीत होतं. जुनं खातं बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यातली एकेक ओळ पुन्हा वाचून काढली. कोपऱ्यातल्या एका पानावर पत्त्याच्या जागी एक चांदणी होती, म्हणजे 'कुठलंही नाव', पुढे तुमचा घरचा पत्ता, आणि टीप म्हणून तुम्ही लिहिलं होतंत: झोळी. माळ्यावर चढून कोळिष्टकं खाल्ली होती ती आठवली. त्याच दुपारी मी नव्या कंपनीत तशीच सोय लावली. तासाभरात एका ए ची तीन पत्रं पडली.

बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला नसता, हे एक कारण. दुसरं चांगलं नाही. बाबांनी तुम्हाला बोलावलंय हे मला ठाऊक होतं. म्हटलं, येऊ देत. बसू देत खुर्चीत. मी समोर तळ चिकटवत बसेन, एक अक्षर बोलणार नाही, आणि रोज नुसतं त्यांच्याकडे बघेन. कळेल त्यांना की मला कळलंय. सगळं मनात रचून ठेवलं होतं. तुम्ही लिहिलंत आणि ते मोडलं. म्हणजे तुमचा माझ्यावर उपकार झाला की मी चिडले, हे अजून ठरत नाही.

माफ केलं असं लिहायला हात चालत नाही. चालेल तेव्हा लिहीन. लवंगीला मी रोज फोन करते. जखम भरत आलीय, नवं माप घेतलं, बूट झाला. खाली बाबांनी जागा मागितलीय.

सूनबाई

ताई, या कारखान्यात ज्याच्या हातून माप चुकतं तो बूट घेऊन स्वतः जातो आणि स्वतःच्या हातानं पायात घालतो. मी आजवर दोनदा गेलोय. पार्सल तुझ्याकडे उद्या निघेल. लवंगीचं गाव तुझ्याकडून बसनं दोन तास आहे. गुडघ्याची सबब सांगू नकोस. धाकटा.


१९ एप्रिल

सूनबाई,

काल जाऊन आले.

दार लवंगीच्या आईनं उघडलं. व्यायामाच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या, हाताची घडी घालून. मी जमिनीवर बसले. तू म्हणशील, गुडघा? गुडघ्याला म्हटलं, आज तुझं काही ऐकायचं नाही. लवंगीनं पाय पुढे केला नाही. आधी मला नीट न्याहाळलं, मग विचारलं, पत्रं लपवणारी आजी तूच का.

मी हो म्हटलं.

"का लपवलीस?"

"एका बाईचा हेवा वाटला म्हणून."

तिनं विचार केला. म्हणाली, आमच्या वर्गात पण आहे एक, तिची फूटपट्टी माझ्यापेक्षा चांगली आहे. मग पाय पुढे केला.

टाचेवर नवी गुलाबी कातडी आलीय, रुपयाएवढी. मी मोजा चढवला तेव्हा तिनं पाय अगदी स्थिर धरला. बूट बसला. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवलीय तुझ्या सासऱ्यानं, वाढत्या पायाला. नाडी मी बांधली. उठताना मात्र आईनं एका बाजूनं आणि बाईंनी दुसऱ्या बाजूनं धरून उचललं, आणि त्या धरण्यातच बाईंच्या हाताची घडी सुटली. मी त्यांना सांगितलं, मापाला दोन ए असतात. त्या म्हणाल्या, मग इतकी वर्षं पोचत कसं होतं? मी म्हटलं, पोचवत होते. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

लवंगी दारापर्यंत गेली, परत आली. मग गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आम्ही तिघी दारात उभ्या. परत येताना ती जवळजवळ धावलीच. मी हात पुढे केले होते. ती माझ्या बाजूनं निसटून आत गेली, आईचा फोन घेतला आणि तुला लावला.

तुम्ही दोघी किती बोललात ठाऊक आहे? माझ्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरली. बूट दाखवून झाला, पट्टीवाल्या मुलीचं सांगून झालं, टेकडीवर सुट्टीत जायचं ठरलं, तू बरोबर यायचंस हेही ठरलं. मला कोणी विचारलं नाही. खरं सांगते, सूनबाई, मी तिथंच जळले, बूट माझ्या हातानं घालून झालेला असतानाही जळले. या वयात हे जायचं नाही. फक्त आता आलं की ओळखू येतं.

मग तू तिला माझ्याबद्दल काहीतरी विचारलं असावंस, कारण तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि सांगितलं, हो, इथंच बसलीय. त्यावर तू पलीकडून काही म्हणालीस. लवंगी इतकी हसली की फोन हातातून पडला. काय म्हणाली ते सांग म्हटलं, तर सांगेना. मी गोड बोलले, रागावले, पुढच्या बुटाला लाल नाडी देते म्हटलं. आमचं आहे ते, म्हणाली.

परतीच्या बसमध्ये दोन तास मी तेवढाच विचार केला. काय म्हणालीस गं? वाईट असलं तरी चालेल. कळव.

आत्या